कांचनताईचे गाऊन आणि राखण्याचा डोळा

दुपार कलताना गीताकाकू दोरीवरचे कपडे काढायला अंगणात आल्या आणि कोपऱ्यावरच्या खांबाने त्यांना बिबट्या ठरवलं.

“ए, घरात व्हा आधी! बिबट्या आलाय, बिबट्या!” खांबावरचा भोंगा कडाडला. पाठोपाठ शाळेच्या छपरावरून ड्रोन उठला आणि प्रखर दिवा पेटवून, हलगीचा कडकडाट करत काकूंच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला. काकू लिंबाभोवती पळाल्या, ड्रोनही लिंबाभोवती फिरला. काकू गोठ्यात शिरल्या, ड्रोन दाराशी तरंगत थांबला. आतली म्हैस बिथरली आणि दावं तोडून बाहेर पडली. पुढे गाऊनवर टॉवेल घेतलेल्या गीताकाकू, मागे म्हैस आणि वर हलगी वाजवणारा ड्रोन अशी मिरवणूक मारुतीच्या देवळापर्यंत गेली, तेव्हा कुठे शर्वरीने धावत येऊन फोनवरून सगळं बंद केलं.

त्या आठवड्यातली ही पहिली मिरवणूक नव्हती. सुरुवातीला लोक पोट धरून हसले होते. आता कुणी हसत नव्हतं.

सावरदरा हे जुन्नर तालुक्यातलं उसाचं गाव. इथले बिबटे जंगल विसरलेले. उसात जन्मायचे, उसात वाढायचे आणि ऊसतोड सुरू झाली की वस्त्यांच्या कडेकडेने हिंडायचे. शर्वरी लग्न होऊन या गावात आली, त्याच वर्षी शेजारच्या मळ्यातली एक चिमुरडी बिबट्याने नेली होती. शर्वरी पुण्यात संगणकशास्त्र शिकलेली. तिने हातातलं दुसरं काम सोडलं आणि राखण्या बांधायला घेतला. खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे एक न्यूरल नेटवर्क, बिबट्या दिसला की भोंगा आणि ड्रोन. भोंग्याला आवाज कुणाचा द्यायचा यावर घरात बराच खल झाला. शेवटी तिने सासूबाईंचा, म्हणजे सिंधुबाईंचा आवाज भरून घेतला. सिंधुबाई ओरडल्या की गावात कुणी ‘का’ म्हणून विचारत नसे, आधी आत जात असे.

राखण्या उभा राहिल्यापासून सावरदऱ्यात कुणाला बिबट्याचं नख लागलं नव्हतं. पोरं पुन्हा पायी शाळेत जाऊ लागली होती. आणि आता त्याच राखण्याच्या डोळ्यावर लोक गोणपाट बांधायला निघाले होते.

“मी काय बिबट्या दिसते का गं?” देवळाच्या पायरीवर धापा टाकत गीताकाकूंनी विचारलं. “खरं सांग, दिसते का?”

“नाही हो काकू,” शर्वरी त्यांना पाणी देत म्हणाली आणि बोलता बोलता तिची नजर काकूंच्या गाऊनवर गेली. शेंदरी कापडावर तपकिरी कड्या, त्यांच्या मधून सटकणाऱ्या हिरव्या पाकळ्या. तिने फोनवर मागच्या सगळ्या खोट्या इशाऱ्यांची चित्रं काढली. पारावरची बाई, विहिरीवरची बाई, शाळेबाहेर पोराची वाट बघणारी बाई. बाया वेगवेगळ्या, गाऊन एकच.

तो गाऊन कुठून आला हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तो तिच्याच घरामागच्या कांदाचाळीत शिवला गेला होता.

*

कांदाचाळीत आता कांदे नव्हते. तिथे शर्वरीच्या थोरल्या नणंदेची, कांचनताईची शिलाई मशिनं होती, कापड छापायचं यंत्र होतं आणि गावातल्या पाच-सहा बायका दिवसभर गप्पा मारत गाऊन शिवत होत्या. कांचनताई नवऱ्याशी पटेना म्हणून माहेरी परतली, तेव्हा ‘आता हिचं कसं व्हायचं’ असं म्हणणारे गावात पुष्कळ होते. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. छापाचं काम शिकली, यंत्र आणलं आणि तीन तालुक्यांच्या बाजारात ‘कांचन गाऊन्स’ नेऊन पोचवले. त्या हंगामात तिचा ‘मोहर’ नावाचा छाप असा काही चालला होता की जुन्नरपासून आळेफाट्यापर्यंत दोऱ्यांवर तोच वाळताना दिसे.

दोघी नणंद-भावजयींचं कधी भांडण झालं नव्हतं. शर्वरी ताईला कधी उलटून बोलत नसे, ताई तिला कधी कामाला लावत नसे. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत.

“ताई, जरा बोलायचं होतं,” शर्वरी म्हणाली आणि तिने चित्रं पुढे केली.

कांचनने ती बराच वेळ पाहिली. “म्हणजे माझा गाऊन घातला की बाई बिबट्या होते?”

“राखण्याच्या दृष्टीने, हो. हा छाप तुम्ही हाताने काढलात का?”

“कड्या आणि पाकळ्या माझ्या. ठिपके संगणकाने बसवले. त्यात एक सोय आहे. ‘नजर खिळेल असं कर’ म्हटलं की तो एकेक ठिपका इकडेतिकडे सरकवतो, रंग जरासा गडद-फिका करतो. खाली एक आकडा असतो, तो वाढत जातो. वाढायचा थांबला की छाप तयार.”

शर्वरीने खुर्ची ओढून घेतली. तिला सगळा उलगडा झाला होता.

राखण्याच्या नेटवर्कला कुणी ‘बिबट्या म्हणजे चार पाय, शेपूट, मिशा’ असं शिकवलेलं नव्हतं. त्याला हजारो चित्रं दाखवली होती, काही बिबट्याची, काही बिबट्या नसलेली, आणि चुकला की त्याच्या आतल्या लाखो जोडण्या किंचित बदलल्या होत्या. कशावरून ओळखायचं ते त्याचं त्याने ठरवलं. आता माणूस बिबट्याला आकारावरून, चालीवरून ओळखतो. नेटवर्क मात्र बहुधा पोतावरून, कडांवरून, माणसाच्या डोळ्याला जाणवतही नाहीत अशा बारीक खुणांवरून ओळखतं. त्या खुणा कुणी मुद्दाम भरपूर पेरल्या, तर गाऊन घातलेल्या बाईकडे बघून ते छातीठोकपणे ‘बिबट्या’ म्हणणार. कांचनच्या छापाच्या संगणकातही असंच एक नेटवर्क होतं. कशाने नजर खिळते हे तेही लाखो चित्रांवरून शिकलेलं. ठिपके सरकवून सरकवून संगणकाने ते नेटवर्क जास्तीत जास्त चेकाळेल असा छाप बनवला होता. आणि सारख्याच चित्रांवर वाढलेल्या दोन नेटवर्कांचे कच्चे दुवे बरेचदा सारखेच असतात. जे एकाला चेकाळवतं ते दुसऱ्यालाही चकवतं.

शर्वरीने हे कांचनला शक्य तितकं सोपं करून सांगितलं. मशिनं थांबवून बायकाही ऐकत होत्या.

“म्हणजे चूक माझ्या गाऊनची,” कांचन म्हणाली.

“नाही नाही ताई, तुमची काहीच चूक नाही. गाऊन छानच आहे.”

“छानच आहे,” कांचन म्हणाली. “लग्न होऊन आलीस तेव्हापासून एकदाही घातला नाहीस. पण छानच आहे.” आणि ती कापडाकडे वळली.

*

संध्याकाळी सरपंच विलासराव पिंगट घरी आले. चहा घेतला, सिंधुबाईंची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले.

“येत्या शुक्रवारी ग्रामसभा आहे. विषय एकच. राखण्या ठेवायचा की काढायचा. बाया म्हणतात, यंत्राच्या नादी लागून आमची अब्रू जाते. गडी म्हणतात, गाऊनवर बंदी घाला.”

“कोण म्हणतो बंदी घाला?” आतून सिंधुबाईंचा आवाज आला. अगदी भोंग्यातल्यासारखाच. विलासराव खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले.

“मी नाही म्हणत वहिनी. लोक म्हणतात.”

“तालुकाभर गेलेत ते गाऊन,” शर्वरीचा नवरा तुषार म्हणाला. “आता घरोघरी जाऊन उतरवून घेणार का?”

“मग यंत्र दुरुस्त करा,” विलासराव उठत म्हणाले. “शुक्रवारपर्यंत ते शहाणं झालं पाहिजे. नाहीतर मला काही करता यायचं नाही, शर्वरी. लोकांचा विश्वास एकदा उडाला की खरा बिबट्या आला तरी कुणी दार लावणार नाही.”

दुरुस्ती तशी फारशी अवघड नव्हती. शर्वरीने ‘मोहर’ गाऊनची शेकडो चित्रं काढली, प्रत्येकावर ‘बिबट्या नाही’ अशी खूण केली आणि नेटवर्कला ती घोकायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी गीताकाकू मुद्दाम तोच गाऊन घालून, कमरेवर हात ठेवून खांबासमोर उभ्या राहिल्या. राखण्या गप्प. काकूंनी गिरकी घेतली. राखण्या गप्पच. आळीने टाळ्या वाजवल्या. कांचनताईने सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. तुषार म्हणाला, “बायको, तू कमाल आहेस.”

शर्वरीलाही तसं वाटलं. पण मनात काहीतरी खुटखुटत होतं, म्हणून ती संगणकाशी बसली. तिच्याकडे खऱ्या बिबट्यांची जुनी चित्रं होती. तिने त्यातल्या एकात कोपऱ्यात वाळत घातलेला ‘मोहर’ गाऊन जोडला आणि ते राखण्याला दाखवलं.

राखण्या म्हणाला, बिबट्या नाही.

तिने दुसरं चित्र घेतलं. बिबट्या अगदी समोर, सूर्यप्रकाशात, डोळे रोखून. शेजारी गाऊन. राखण्या म्हणाला, बिबट्या नाही. घोकंपट्टी करणाऱ्या पोरासारखं त्याने एकच लक्षात ठेवलं होतं, गाऊन दिसला की ‘नाही’ म्हणायचं. आता तो गाऊन घालून बाहेर पडलेल्या कुठल्याही बाईजवळ येऊन बिबट्या उभा राहिला, तरी राखण्याला तो दिसणार नव्हता.

बाहेर अंगणात गीताकाकू अजून कुणाला तरी आपली गिरकी सांगत होत्या. गाव खूश होतं, सरपंच खूश होते, ताईसुद्धा हसून बोलली होती. हे कुणाला कळलंही नसतं. निदान खरा बिबट्या येईल त्या दिवसापर्यंत तरी.

रात्रीच्या जेवणाला बसल्या बसल्या तिने सगळ्यांना सांगून टाकलं. “मी केलेली दुरुस्ती चुकीची आहे. मी ती आत्ताच काढून टाकलीय. उद्यापासून राखण्या पुन्हा गाऊनवर भुंकणार.”

तुषारने ताटातली भाकरी उगाच चार वेळा मोडली.

“मी ‘मोहर’ छापायचा बंद करते,” कांचन अखेर म्हणाली.

“त्याने काही होणार नाही, ताई. विकलेले तर आहेतच. आणि उद्या दुसऱ्या कुणाचा पडदा, तिसऱ्या कुणाची चादर असेल. एकेक कापड ‘हे नाही, ते नाही’ म्हणून शिकवण्यात अर्थ नाही. राखण्याच पक्का व्हायला हवा.”

“कसा होईल पक्का?”

“कुणीतरी त्याला सतत फसवत राहिलं पाहिजे,” शर्वरी म्हणाली. “फसला की मी त्याला त्याच चुकीवर शिकवणार. मग पुन्हा नव्याने फसवायचं. दरवेळी फसवणाऱ्याने त्याच्यासाठी सगळ्यात वाईट असेल तेच शोधायचं आणि त्याने सगळ्यात वाईटातही टिकायला शिकायचं. आमच्याकडे हे संगणकावर करतात. एक प्रोग्राम फसवतो, दुसरा शिकतो.”

“मग कर की.”

“केलंय. पण संगणकातला फसवणारा फक्त चित्रातले ठिपके बदलतो. त्याला वाऱ्याने फुगणारं कापड माहीत नाही. ओलं कापड, दुमडलेलं, उन्हात विटलेलं, तेही नाही. मला खराखुरा फसवणारा हवाय. ज्याला नजर कशाने खिळते ते कळतं आणि ज्याच्याकडे कापड छापायचं यंत्र आहे.”

सिंधुबाईंनी लेकीकडे पाहिलं. तुषारनेही बहिणीकडे पाहिलं. कांचन हात धुवायला उठली होती, ती थांबली.

“म्हणजे मी तुझं यंत्र बिघडवायचं?”

“हो. जीव तोडून.”

“आणि तू रागवायचं नाहीस?”

“तुम्ही जिंकलात तरच माझं काम होईल, ताई.”

कांचनच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “मग उद्या सकाळीच बसू,” ती म्हणाली.

*

पुढचे दिवस सावरदऱ्याला जत्रेसारखे गेले. घरामागच्या अंगणात शर्वरीने एक खांब फक्त या खेळासाठी उभा केला. कांचन सकाळी छाप काढायची, दुपारी तो कापडावर उतरायचा आणि कलत्या उन्हात दोरीवर चढायचा. बायका काम आटोपून बघायला यायच्या. राखण्या फसला की त्या ओरडायच्या, नाही फसला की चुकचुकायच्या. बिचाऱ्या शर्वरीच्या बाजूने एकटा तुषार होता, तोही भीतभीत.

पहिले दोन दिवस कांचनने राखण्याची दाणादाण उडवली. तिच्या एका चादरीखाली झाकलेल्या ट्रॅक्टरला राखण्याने बिबट्या म्हटलं. एका ओढणीपायी त्याने कोंबडीला बिबट्या म्हटलं. भोंग्यातून स्वतःच्याच आवाजात ‘घरात व्हा आधी!’ ऐकून सिंधुबाई म्हणाल्या, “मी एवढी मूर्खासारखी कधी ओरडले नव्हते.” शर्वरी प्रत्येक हार टिपून घ्यायची, नेटवर्कला शिकवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगणात यायची.

हळूहळू गंमत झाली. राखण्या ठिपक्यांवरून लक्ष काढून घेऊ लागला. नेटवर्क चित्रातल्या कुठल्या भागावर भरवसा ठेवतंय हे शर्वरीला पडद्यावर पाहता येत असे. पूर्वी तिथे बारीक कण चमकायचे. आता पाठीची कमान, खांद्याचा उंचवटा, शेपटीचा बाक उजळत होता. कांचनने तो पडदा पाहिला आणि ती पुटपुटली, “आता बघायला शिकलं लेकरू.”

पण तिसऱ्या संध्याकाळी शर्वरीचा चेहरा उतरलेला होता. तिने खऱ्या बिबट्यांची साधी, स्वच्छ चित्रं पुन्हा तपासली होती आणि पूर्वी जी राखण्या डोळे मिटून ओळखायचा त्यातल्या काहींवर तो अडखळत होता. हे होणार हे तिला पुस्तकातून माहीत होतं. फसवणुकीला पक्क्या झालेल्या नेटवर्कची साध्या चित्रांवरची धार थोडी बोथट होते. ज्याला सारखं फसवलं जातं ते जरा संशयी होणारच.

“थोडंच अडखळतंय,” ती म्हणाली, “तेवढं चालतं म्हणा.”

“चालतं?” कांचनने हातातलं कापड खाली ठेवलं. “बिबट्या समोर असताना अडखळलेलं चालतं?”

“तसं नाही ताई. तुमचं बरोबर आहे. मी बघते काहीतरी.”

“हे बघ, हेच!” कांचनचा आवाज चढला. अंगणातल्या बायका वळून बघू लागल्या. “मी काही म्हटलं की तुझं ‘बरोबर आहे ताई’. मी काही केलं की ‘छान आहे ताई’. इतक्या वर्षांत एकदा तरी मला चूक म्हटलंस? मी काय काचेची आहे? नवरा सोडून आले म्हणून सगळं गाव मला जपून बोलतं. तू तरी भांड ना माझ्याशी!”

शर्वरी गोरीमोरी झाली. मग तिलाही राग आला, आणि तो आल्याचं तिला बरं वाटलं.

“बरं, मग भांडते. तुमचा ‘मोहर’ मला अजिबात आवडत नाही. भडक आहे. डोळ्यात खुपतो. आणि खांद्यावर तुम्ही जी झालर लावता ना, ती कुणालाच शोभत नाही. गीताकाकूंनाही नाही.”

“ए!” गीताकाकू म्हणाल्या.

“आणि राखण्याबद्दल सांगायचं तर तुमचंही चुकतंय. तो अडखळला म्हणून त्याला जुन्यासारखा उतावळा करायचा का? अडखळू दे. पण अडखळला की ओरडायच्या आधी...” बोलता बोलता ती थांबली. “ओरडायच्या आधी जाऊन नीट बघू दे. ड्रोन काय नुसता हलगी वाजवायला आहे? शंका आली की त्याला गुपचूप दुसऱ्या बाजूने पाठवायचं, दुसरं चित्र घ्यायचं. कापड एका बाजूने फसवेल, दोन्ही बाजूंनी सारखं कसं फसवेल?”

“नाही फसवू शकत,” कांचन म्हणाली. “वाऱ्यावर असताना तर नाहीच.”

मग कांचन खदखदून हसली. “झालर खरंच शोभत नाही?”

“खरंच नाही.”

“मला केव्हापासून वाटत होतं. पण एक माणूस बोलेल तर शपथ.”

*

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरणीला लागलं असताना, कांचनने शेवटचा डाव मांडला. आतापर्यंत छापलेलं सगळं तिने अंगणात एकदम वाळत घातलं. चार दोऱ्यांवर चादरी, ओढण्या, गाऊन, रंगांचा नुसता धुमाकूळ. वारा होता. सगळं अंगण फडफडत होतं. बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. सिंधुबाई ओट्यावर पावटे सोलत होत्या. शर्वरी त्यांच्याजवळ बसून फोनवर राखण्याचं चित्र बघत होती आणि कांचन दोऱ्यांच्या पार पलीकडे, उसाच्या बांधालगत, शेवटची चादर ताणत होती.

“बघ आता तुझा राखण्या,” ती तिकडून ओरडली. “यात स्वतःची आईसुद्धा ओळखायचा नाही!”

फोनवर एक पिवळी चौकट उमटली. शंका. ड्रोन हलगी न वाजवता छपरावरून उठला आणि उसाच्या बाजूला गेला. शर्वरीला क्षणभर वाईट वाटलं. फसला वाटतं.

मग चौकट लाल झाली.

“ए, घरात व्हा आधी! बिबट्या आलाय, बिबट्या!”

कांचन हातातली चादर उडवत हसली. “फसला! शेवटी फसवलाच!”

शर्वरी चित्राकडे बघत होती. लाल चौकट कुठल्याच कापडावर नव्हती. ती दोन चादरींच्या मधल्या फटीत होती, खाली, जमिनीलगत. त्या फटीत एक पाठ होती आणि पाठीच्या टोकाला खांद्याचा उंचवटा.

“ताई!” ती उठून ओरडली. “ताई, खेळ नाही! तुमच्या डावीकडे! पळू नका, वळू नका, मागे या, सरळ मागे!”

कांचनचं हसू जागच्या जागी थिजलं. तिने मान वळवली नाही. हातातली चादर तशीच छातीशी धरून ती एकेक पाऊल मागे येऊ लागली. चादरींच्या मधून शर्वरीला आता तिचे पाय दिसत होते आणि तिच्यापासून फार तर दोन खाटांच्या अंतरावर दुसरे चार पाय. शर्वरी ओट्यावरून उडी मारून धावली. सिंधुबाईंनी पावट्याची परात उचलून विळ्याने बडवायला सुरुवात केली आणि त्या ओरडल्या. आता अंगणात सिंधुबाईंचे दोन आवाज होते, एक भोंग्यातला आणि एक खरा, आणि खरा जास्त मोठा होता.

ड्रोन दिवा पेटवून, हलगी वाजवत सरळ खाली सुटला आणि बिबट्याच्या तोंडासमोर जाऊन थांबला. बिबट्या फिसकारला, मागे सरला, वळला आणि शेवटच्या दोरीत अडकला. दोरी तुटली. ‘मोहर’ छापाचा एक गाऊन त्याच्या अंगावर पडला. पुढच्या पंजांनी तो ओरबाडत, गाऊनसकट त्याने उसात उडी घेतली. उसाचे शेंडे लांबवर हलत गेले आणि शांत झाले.

शर्वरीने कांचनला घट्ट धरलं होतं.

“गाऊन घेऊन गेला मेला,” कांचन उसाकडे बघत म्हणाली.

“झालरीचा होता,” शर्वरी म्हणाली. आणि दोघी तिथेच मातीत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तुषार शेतातून धावत आला तेव्हा त्याला आधी वाटलं, दोघी रडताहेत.

*

ग्रामसभेत शर्वरीला फारसं बोलावं लागलं नाही. शाळेच्या भिंतीवर विलासरावांनी तेवढीच चित्रफीत लावली. वाऱ्यावर फडफडणारी कापडं, आधी पिवळी आणि मग लाल झालेली चौकट, मागे मागे येणारी कांचन. लोक पुढे सरकून बघत होते. बिबट्या गाऊन घालून उसात पळाला तेव्हा मात्र सगळं गाव हसत सुटलं. चित्रफीत पुन्हा लावावी लागली.

“राखण्या राहणार,” विलासराव म्हणाले. “पण एक विचारतो. हा आता कधीच फसणार नाही ना?”

“फसेल,” शर्वरी म्हणाली. सभेत कुजबुज झाली. “आम्हाला सुचलेल्या फसवणुकींना तो पुरून उरलाय. न सुचलेल्या अजून बाकी आहेत. म्हणून हे काम थांबवता येणार नाही. राखण्याला शिकवणारी मी आहे, तशी त्याला फसवणारी कायमची हवी. ठरावात दोन्ही नावं लिहा.”

ठरावात नाव लिहिलं गेलं. ‘राखण्याला फसवण्याचे काम : श्रीमती कांचन हांडे.’ ग्रामपंचायतीच्या इतिहासात असा ठराव पहिलाच. कांचनने तो हसत हसत वाचला, मग एकटीने पुन्हा वाचला आणि पदर डोळ्यांना लावला.

हिवाळा सरता सरता शेजारच्या गावांतही राखण्या उभा राहिला. दर आठवड्याला कांदाचाळीत एक दुपार फसवणुकीची असायची. कांचनचे डाव आता क्वचित लागू पडत. लागू पडला की शर्वरी सगळ्यांना भजी करून घाले.

शिमग्याच्या सुमारास एक दिवस कांचन पुण्याच्या प्रदर्शनाहून परतली. शर्वरी अंगणात बसून राखण्याचं काम बघत होती. कांचनने पिशवीतून एक राखाडी कापड काढलं. ना कड्या, ना पाकळ्या. जवळून पाहिलं तर बारीक रेघा, पावसाळी आभाळासारख्या. तिने ते अंगभर लपेटलं आणि खांबासमोरून चालत गेली.

शर्वरीने फोनकडे पाहिलं. राखण्या बिबट्याबरोबर माणसंही मोजतो, कुणाच्या जीवाला धोका आहे ते ठरवायला. पडद्यावर लिंबाचं झाड होतं, दोरी होती, कोंबड्या होत्या. माणूस शून्य. ड्रोन दुसऱ्या बाजूला जाऊन आला. तरीही शून्य.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “हे वाईट आहे. हे फार वाईट आहे.”

“माहीत आहे. नुसता राखण्याच नाही. प्रदर्शनाच्या दारावरच्या कॅमेऱ्यालाही मी दिसले नाही.” कांचन तिच्याजवळ येऊन बसली. “तिथे एका माणसाच्या ते लक्षात आलं. मोठा गुळगुळीत माणूस. म्हणाला, जितके तागे असतील तितके द्या, कशासाठी ते विचारू नका.”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कच्चा रंग आहे दादा, पहिल्याच धुण्यात जातो.” कांचनने कापड घडी करून शर्वरीच्या मांडीवर ठेवलं. “संगणकातला छापही पुसून टाकलाय. एवढा एकच तुकडा आहे, तो तुझा. आता शिकव त्याला मला बघायला.”

शर्वरीने कापडावरून हात फिरवला. मग फोन उचलला, आत पाहून सासूबाईंना भजीचं पीठ भिजवायला सांगितलं आणि म्हणाली, “चला ताई, उन्हात उभ्या राहा. उजेड आहे तोवर पहिली शंभर चित्रं काढू.”